मातीचा सीटी स्कॅन : नमुना काढण्यापासून छिद्रं मोजण्यापर्यंत

वाफसा म्हणजे काय हे कराड-वाळवा पट्ट्यातल्या शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. मोठ्या छिद्रांतलं पाणी निथळून तिथं हवा आलेली असते, बारीक छिद्रांत पाणी टिकून असतं. माती मुठीत दाबली तर गोळा होतो आणि टिचकीनं फुटतो. प्रयोगशाळेत आपण हीच गोष्ट घनता आणि सच्छिद्रतेच्या टक्क्यांत मांडतो. पण ४५ टक्के सच्छिद्रता हा आकडा छिद्रं केवढी आहेत, एकमेकांना जोडलेली आहेत का, नांगरतळाशी येऊन संपतात की खाली उतरतात, यातलं काहीच सांगत नाही. नमुना न फोडता हे बघायचं तर सीटी स्कॅन हाच सरळ मार्ग आहे. सातारा-सांगलीच्या मातीवर हे काम पहिल्यांदा करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणि संशोधन सहायकांसाठी हा लेख आहे.

तंत्र तेच, जे दवाखान्यात वापरतात. हाउन्सफील्ड आणि कॉरमॅक यांना त्यासाठी १९७९ चं नोबेल मिळालं आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीलाच मातीची घनता आणि ओल मोजायला ते वापरलं जाऊ लागलं. नमुन्याभोवती अनेक कोनांतून क्ष-किरण चित्रं घ्यायची आणि त्यांवरून संगणकानं आतलं त्रिमितीय चित्र उभं करायचं. त्या चित्राच्या प्रत्येक घनाकृती ठिपक्याला व्हॉक्सेल म्हणतात. जिथं किरण जास्त अडतात (चुनखडी, बेसाल्टचे खडे, लोहयुक्त गाठी) ते उजळ दिसतं, हवा काळी दिसते, आणि माती, पाणी, मुळं यांच्या करड्या छटा मधे येतात.

आधी प्रश्न, मग यंत्र

एकाच चित्रात सगळं दिसत नाही. डिटेक्टरवर, म्हणजे किरण टिपणाऱ्या पाटीवर, साधारण २००० ठिपके आडवे असतात, म्हणून नमुन्याचा व्यास भागिले २००० एवढ्याच बारकाईची अपेक्षा धरावी. प्रत्यक्षात थोडी कमीच मिळते. ५ सेंमी व्यासाच्या नमुन्यात २५ ते ३० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) मिळतात, १५ सेंमीच्या नमुन्यात ८०-१००. शिवाय एखादं छिद्र दिसलं असं म्हणायला ते निदान दोन-तीन व्हॉक्सेल रुंद असावं लागतं.

काळ्या जमिनीतल्या भेगा, गांडुळांची बिळं, उसाच्या जुन्या मुळांच्या वाटा हा तुमचा विषय असेल तर दवाखान्यातलं सीटी यंत्र पुरतं. त्याचा व्हॉक्सेल ०.३ ते ०.६ मिमी असतो, म्हणजे मिलिमीटरभर आणि त्याहून मोठं सगळं कळतं. १० सेंमी व्यासाचा फूटभर लांब नमुना काही सेकंदांत होतो. मिरज, सांगली, कराड इथं अशी यंत्रं आहेत. रुग्ण नसतील अशा वेळेची परवानगी मागा, नमुना प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळा आणि यंत्र केंद्राच्या तंत्रज्ञालाच चालवू द्या. क्ष-किरण यंत्रावर अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम लागू असतात, तिथं उत्साहाला जागा नाही.

दाणेदार रचना, द्राक्षबागेत चाकोरीखाली दबलेला थर, चोपण जमिनीत जिप्सम टाकल्यावर झालेला फरक, असं बघायचं असेल तर मायक्रो-सीटी, म्हणजे लहान नमुन्याचं बारकाईनं चित्र घेणारं यंत्र, लागतो. संशोधन संस्थांत आणि धातूचे सुटे भाग तपासणाऱ्या औद्योगिक केंद्रांत तो असतो. काही मायक्रॉनपर्यंत जायचं असेल तर इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर (फार प्रखर क्ष-किरण देणाऱ्या कणत्वरकावर) इमेजिंगची स्वतंत्र व्यवस्था आहे, पण तिथं नमुना मिलिमीटरांत मोजावा लागतो. एवढ्याशा ढेकळावरून वावराबद्दल बोलता येत नाही, म्हणून नवख्यांनी तिथून सुरुवात करू नये.

नमुना

खराब स्कॅन पुन्हा करता येतो, दाबलेला नमुना दुरुस्त करता येत नाही. या कामातली निम्मी मेहनत रानातच खर्ची पडायला हवी.

नळी ॲक्रिलिकची घ्या: आतला व्यास ५ सेंमी, भिंत ३ मिमी, उंची ६ सेंमी. लोखंडी नळी चालत नाही, कारण किरण तिच्यातच अडतात. पीव्हीसी चालतं, पण त्यातलं क्लोरीन किरण जास्त शोषतं, त्यामुळे पर्याय असेल तर ॲक्रिलिकच बरं. ॲक्रिलिकला धार राहत नाही, म्हणून खाली पोलादी कडं बसवा. त्याची धार बाहेरच्या बाजूनं उतरती हवी. धार आतून उतरती असली की कडं खाली जाताना माती आत ढकलतं आणि नमुन्याचा कडेचा भाग दाबला जातो. लेथवर कडं करून घेताना हे कारागिराला चित्र काढून सांगा.

वेळ वाफशाची. ओल जास्त असताना काळी माती नळीला चिकटते आणि कडेनं लिंपली जाते. एप्रिल-मेमध्ये भेगाळलेली असते आणि हात लावताच तुटते. पावसानंतर किंवा पाणी दिल्यानंतर भारी काळ्या रानात चार-सहा दिवस थांबावं लागेल, माण-खटाव-जतच्या हलक्या मुरमाड जमिनीत एक-दोन दिवस पुरतात. दिवस मोजण्यापेक्षा मुठीतला गोळा बघा.

हातोडीनं नळी ठोकू नका. प्रत्येक घावानिशी कोरड्या ढेकळात नवी तडा जाते आणि पुढं चित्रात ती अगदी खरी वाटते. त्याऐवजी असं करा:

१. हवी ती खोली गाठा. नांगरतळ बघायचा असेल तर साधारण २० ते ३० सेंमी. वरची माती फावड्यानं काढा, शेवटचे दोन-तीन सेंमी हातानं.
२. कड्याच्या व्यासापेक्षा सेंमीभर रुंद असा मातीचा खांब चाकूनं कोरून मोकळा करा.
३. नळी खांबावर ठेवून वरून लाकडी फळीनं हलका, सरळ दाब द्या आणि कड्याबाहेरची माती चाकूनं तासत जा. नळी अर्धा-अर्धा सेंमी खाली सरकू द्या. एका नमुन्याला वीस मिनिटं लागली तर ती वाया गेली असं समजू नका.
४. अधूनमधून नळीच्या आतली आणि बाहेरची पातळी पट्टीनं तपासा. आतली माती दोन-तीन मिमीपेक्षा जास्त खाली गेली असेल तर नमुना दबला आहे. टाकून द्या आणि शेजारी नवा घ्या.
५. खालून खांब तोडा आणि जास्तीची माती चाकूच्या टोकानं उचकटून काढा. पातं फिरवून गुळगुळीत केलंत तर पृष्ठभाग लिंपला जाईल आणि सगळी तोंडं बंद होतील.

दोन्ही टोकांना पातळ स्पंज ठेवून टोपण लावा, वरून चिकटपट्टी. ‘वर’ अशी खूण बाणासह करा. टाचणी, स्टेपल, धातूची चकती काहीही लावू नका, त्यांच्यापासून चित्रात पांढरे पट्टे उमटतात. नमुने उभे ठेवून जाड फोमच्या खोक्यात न्या. पुण्याच्या बाजूला जाणार असाल तर खंबाटकी घाटात खोकं मागच्या डिकीत न ठेवता मांडीवर घेतलेलं चांगलं.

पोचल्यावर ४ अंश सेल्सिअसला फ्रीजमध्ये ठेवा. बाहेर ठेवलेल्या नमुन्यात गांडूळ नवं बीळ पाडतं आणि तणाचं बी उगवून मूळ सोडतं, मग मोजलेलं छिद्र रानातलं की खोक्यातलं, हे कोणी सांगू शकत नाही. पण डीप फ्रीजर नको, पाणी गोठून फुगलं की रचना मोडते.

किती नमुने? एका उपचाराला (म्हणजे तुलनेतल्या एका गटाला) निदान तीन ते पाच वेगवेगळी वाफे-वावरं आणि प्रत्येकातून दोन-तीन नमुने. द्राक्षबागेत फवारणीचा ट्रॅक्टर वर्षभर त्याच चाकोरीनं जातो, म्हणून चाकोरीतला, वेलीच्या ओळीतला आणि दोहोंमधला असे तीन गट वेगळे ठेवा. उसात सरी आणि वरंबा वेगळे. एका नमुन्यात अब्जावधी व्हॉक्सेल असले तरी संख्याशास्त्राच्या दृष्टीनं तो एकच नमुना आहे.

ओल सारखी करणं

पाणी आणि बारीक माती यांच्या करड्या छटा जवळजवळ असतात. पाण्यानं भरलेलं छिद्र चित्रात दिसत नाही, ते मातीत मिसळून जातं. एक नमुना सोमवारी ओला आणि दुसरा शुक्रवारी सुकलेला स्कॅन केला तर फरक रचनेचा नसून ओलीचा निघेल.

म्हणून सगळे नमुने वाळूच्या पेटीवर एकाच ओढीला, म्हणजे छिद्रांतलं पाणी खेचून घेणाऱ्या सारख्याच ताणाला, आणायचे. हिशेब सोपा आहे: ३००० ला छिद्राच्या मायक्रॉनमधल्या व्यासानं भागलं की ते छिद्र रिकामं व्हायला लागणारी ओढ पाण्याच्या सेंमीत मिळते. १०० सेंमी ओढीला ३० मायक्रॉनपेक्षा मोठी छिद्रं रिकामी होतात, ६० सेंमीला ५० मायक्रॉनपेक्षा मोठी. तुम्हाला ६०-९० मायक्रॉनपासून पुढचं दिसणार असेल तर ६० सेंमी पुरे, दिसण्याजोगी सगळी छिद्रं हवेनं भरलेली असतील.

नमुना भिजवताना पाणी खालून, हळूहळू, २४ ते ४८ तासांत चढू द्या. वरून ओतलं तर हवा कोंडते आणि ढेकळं फुटतात. आपल्या भागात दोन गोष्टी आणखी सांभाळाव्या लागतात. काळी माती फुगते. नळी काठोकाठ भरलेली असेल तर ती वर उठते आणि भेगा मिटतात. भेगाच बघायच्या असतील तर भिजवूच नका, रानातल्या ओलीलाच स्कॅन करा आणि ओल वेगळी मोजून लिहा. दुसरी गोष्ट क्षारपड आणि चोपण मातीची. तिला शुद्ध डिस्टिल्ड पाणी दिलं तर क्षार विरळ होतात, सोडियम धरून बसलेल्या चिकणमातीचे कण सुटे होतात आणि छिद्रांत जाऊन बसतात. म्हणजे जे मोजायचं तेच आपण बिघडवतो. त्या रानाला देतात तेच पाणी कॅनमध्ये भरून आणा.

स्कॅन

तंत्रज्ञाला ‘मातीचा नमुना आहे’ एवढंच सांगून भागत नाही. ५ सेंमीच्या काळ्या मातीसाठी १२० ते १६० किलोव्होल्ट, किरणांच्या वाटेत ०.५ मिमी तांब्याचा पत्रा आणि एका फेऱ्यात २००० च्या आसपास चित्रं, इथून सुरुवात करा. वेळ साधारण अर्धा ते एक तास. व्हॉक्सेल किती येईल हे अंतरांवर ठरतं: किरणस्रोत ते डिटेक्टर १२० सेंमी आणि स्रोत ते नमुना १८ सेंमी असेल तर चित्र सुमारे ६.७ पट मोठं पडतं. डिटेक्टरचा ठिपका २०० मायक्रॉनचा असेल तर व्हॉक्सेल ३० मायक्रॉन. ही नोंद प्रत्येक नमुन्यासाठी वहीत असू द्या आणि मधे काहीही बदलू नका.

सुरू करण्याआधी नमुना फिरवून सर्वांत जाड दिशेनं किती किरण आरपार येतात ते बघा. मोकळ्या हवेच्या दहा टक्क्यांपेक्षाही कमी येत असतील तर किलोव्होल्ट वाढवा किंवा नमुन्याचा व्यास कमी करा. महाबळेश्वर-पाटणकडच्या जांभ्याच्या मातीत लोह भरपूर असतं, तिथं ५ सेंमी जड जातात; अडीच-तीन सेंमीची नळी आणि जाड तांबं घ्या. (कास पठारावरून वन विभागाच्या परवानगीशिवाय चिमूटभरही माती उचलू नये.)

नमुन्यासोबत ॲल्युमिनियमची बारीक कांडी किंवा पाण्याची सीलबंद कुपी दर वेळी स्कॅनमध्ये ठेवा. यंत्राची तीव्रता दिवसागणिक थोडी बदलते. नळीची भिंत, बाहेरची हवा आणि ही कांडी यांच्या छटा सगळ्या नमुन्यांत सारख्या करून घेतल्या तरच तुलना खरी ठरते.

दवाखान्याच्या यंत्रावर १२० किंवा १४० किलोव्होल्ट, शक्य तितकी पातळ चकती, आणि हाडांसाठीचा धारदार फिल्टर न लावता मऊ किंवा साधा फिल्टर मागा. धारदार फिल्टरनं कडा देखण्या दिसतात, पण कडेच्या छटा खोट्या होतात. तिथल्या मोजपट्टीत हवा उणे १०००, पाणी ० आणि माती हजाराच्या पुढं; खडे पट्टीच्या वरच्या टोकाला, म्हणजे ३०७१ ला, अडकतात, म्हणून विस्तारित पट्टी आहे का ते विचारा. फिल्म किंवा जेपीईजी घेऊन येऊ नका, डायकॉम फाइल्सच (यंत्राच्या मूळ आकड्यांच्या) हव्यात.

चित्र बिघडतं ते बहुतेक चार कारणांनी. कडा उजळ आणि मध्य काळपट असेल तर कमी ऊर्जेचे किरण बाहेरच्या थरातच गळले आहेत, तांबं वाढवा. मध्याभोवती वर्तुळं उमटली असतील तर डिटेक्टरचे ठिपके असमान आहेत, रिकाम्या चित्राची दुरुस्ती पुन्हा करून घ्या. कडा दुहेरी दिसत असतील तर नमुना हलला किंवा सुकून आकसला. काळ्या मातीत हे फार होतं, कारण यंत्राच्या आत गरम असतं. नमुना फ्रीजमधून काढल्यावर तास-दोन तास बाहेर राहू द्या, नीट गुंडाळा आणि धारकात घट्ट बसवा. उजळ खड्यांपासून काळे पट्टे निघत असतील तर त्यावर पूर्ण इलाज नाही, तेवढा भाग मोजणीतून वगळा.

संगणकावर

२००० × २००० × २००० व्हॉक्सेल, प्रत्येकी १६ बिट, म्हणजे एका नमुन्याचे १६ जीबी. फिल्टर लावताना प्रती तयार होतात, म्हणून ६४ जीबी रॅम असेल तर काम सुखाचं होतं. १६ जीबीचाच संगणक असेल तर दोन-दोन व्हॉक्सेल जोडा, आकार आठव्या हिश्शावर येतो. फिजी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. मातीच्या नळ्यांसाठी खास लिहिलेलं सॉइलजे, आणि मोजमापांसाठी बोनजे व मॉर्फोलिबजे ही जोड-साधनं त्यातच चालतात.

आधी कडा कापा: नळीच्या भिंतीपासून तीन-चार मिमी, वर-खाली पाच-पाच मिमी. भिंतीलगतची फट हे तुम्ही केलेलं छिद्र आहे, जमिनीचं नाही, आणि ती राहिली तर वरपासून खालपर्यंत जोडलेली सुरेख वाट म्हणून मोजली जाते. मग गोंगाट कमी करायला त्रिमितीय मीडियन फिल्टर, त्रिज्या २. मग छटा सारख्या करणं. ८ बिटमध्ये आणताना सगळ्या नमुन्यांना किमान-कमाल मर्यादा एकच द्या. सॉफ्टवेअरला आपोआप ठरवू दिलंत तर प्रत्येक नमुन्याची पट्टी वेगळी होते.

आता खरी कसोटी: कोणत्या छटेखालचं सगळं छिद्र मानायचं? या सीमेला थ्रेशोल्ड म्हणतात. एक उदाहरण जवळून बघू. मुळानं सोडलेली ९० मायक्रॉनची नळी ३० मायक्रॉनच्या व्हॉक्सेलमध्ये तीन ठिपके रुंद दिसते, म्हणजे आडव्या छेदात साधारण ३ × ३, नऊ ठिपके. तिच्या कडेचे ठिपके अर्धे हवेचे, अर्धे मातीचे, म्हणून करडे. थ्रेशोल्ड थोडा खाली ठेवला की कडेचं वर्तुळ गळतं आणि नऊपैकी एकच ठिपका उरतो. थोडा वर ठेवला की ५ × ५, पंचवीस. नळी तीच, आकडा १ की ९ की २५ हे तुमच्या हातात. मोठ्या भेगेला या सरकण्यानं काही होत नाही, पण बारीक छिद्रांचं सगळं चित्र पालटतं.

बरेच जण थ्रेशोल्ड आपोआप ठरवणारी ओत्सूची पद्धत दाबून मोकळे होतात. हिस्टोग्रामला (कोणत्या छटेचे किती व्हॉक्सेल, या आलेखाला) दोन स्पष्ट उंचवटे असतील तर ती चांगली चालते. पण दबलेल्या चाकोरीतल्या मातीत दिसणारी छिद्रं दोन-चार टक्केच असतात, हवेचा उंचवटा दिसतच नाही, आणि ओत्सू मातीलाच दोन भागांत कापते. मग जिथं छिद्रं सर्वांत कमी तिथंच ती जास्त सांगते, म्हणजे निष्कर्ष उलटा. यावर उपाय असा: छटा सारख्या केल्यावर सगळ्या नमुन्यांचे हिस्टोग्राम एकत्र करा, त्यावरून एकच थ्रेशोल्ड ठरवा आणि तोच सगळ्यांना लावा. मग तो पाच टक्के वर-खाली करून पुन्हा मोजा. उपचारांमधला फरक तेवढ्यानं पुसला जात असेल तर तो फरक मांडू नका.

शेवटी ३ × ३ × ३, म्हणजे २७ व्हॉक्सेलपेक्षा लहान ठिपके काढून टाका, त्यांत गोंगाटच जास्त असतो. मुळं आणि पाचटाचे तुकडे पाण्याच्या जवळच्या छटेचे असतात, ते थ्रेशोल्डच्या कोणत्या बाजूला पडले हे पन्नासेक चकत्या डोळ्यांनी बघून खात्री करा.

काय मोजायचं

दिसणारी सच्छिद्रता, छिद्रांच्या जाडीचं वितरण, आणि जोडणी. यात जोडणीला सर्वांत जास्त वेळ द्या. नळीतून जाणारं पाणी त्रिज्येच्या चौथ्या घातानं वाढतं, म्हणून १ मिमीची एक सलग वाट ०.१ मिमीच्या दहा हजार वाटांइतकं पाणी नेते. निचरा बघायचा असेल तर वरच्या तोंडापासून खालच्या तोंडापर्यंत पोचणारी छिद्रं वेगळी काढा, आणि त्या वाटेवरची सर्वांत अरुंद जागा किती आहे ते बघा. चोपण जमिनीत छिद्रं असतात पण ती सुटी-सुटी, एकट्या बुडबुड्यांसारखी राहिलेली सापडू शकतात; तिथं टक्केवारी फसवते, जोडणी फसवत नाही. आकारावरून आणखी एक गोष्ट कळते: गांडुळांची आणि मुळांची छिद्रं गोल व लांब, आकसून पडलेल्या भेगा पसरट आणि टोकदार.

सगळं झाल्यावर नमुना फेकू नका. आधी त्याच्यावर पाण्याची वाहकता मोजा. स्कॅन नेहमी तिच्या आधी, कारण पाणी वाहून गेल्यावर रचना तीच राहत नाही. मग १०५ अंशाला २४ तास भट्टीत सुकवून वजन करा. घनता समजा १.४५ आली, तर १ वजा (१.४५ भागिले मातीच्या कणांची घनता २.६५), म्हणजे एकूण सच्छिद्रता सुमारे ४५ टक्के. सीटीनं ६ टक्के दाखवली असेल तर घाबरू नका, बाकीची ३९ टक्के चिकणमातीच्या कणांमधली, व्हॉक्सेलपेक्षा बारीक आणि पाण्यानं भरलेली छिद्रं आहेत. पण सीटीचा आकडा ४५ च्या जवळ किंवा वर गेला असेल तर थ्रेशोल्ड चुकला आहे. सुकलेली माती २ मिमीच्या चाळणीतून काढून खडे आणि चुनखडीच्या गाठी तोला, आणि ते वजन चित्रातल्या उजळ भागाशी ताडून बघा.